काका, त्या दाराबद्दल तुमचे मनापासून आभार

काका, सप्रेम नमस्कार.

तोंडावर आभार मानले असते तर "त्यात काय एवढं" म्हणून तुम्ही विषयच मिटवला असता, म्हणून लिहितोय. आणि चारचौघांत लिहितोय, कारण आपल्या गाडीचं काम आपल्या हाताने करू पाहणाऱ्याला लोक कसं वागवतात ते मी पुरेपूर अनुभवलंय.

माझ्या गाडीचं हेच दार आधी एका गॅरेजवाल्याने पैसे घेऊन "एकदम नवं" करून दिलं होतं. काही महिन्यांतच खालच्या कडेला रंगाला फोड आले. खरवडून बघतो तर आत गंज जसाच्या तसा आणि त्यावर जाड लांबी, म्हणजे खड्डे बुजवायची पुट्टी, थापलेली. गंज चकचकीत पत्रा दिसेपर्यंत काढायचा असतो, हे त्याला ठाऊक नव्हतं असं मी मुळीच मानणार नाही. जाब विचारला तर म्हणे, पाणी लागलं असेल! दुसरा एक जण तर मी स्वतः करणार म्हटल्यावर माझ्या हत्यारांकडे बघून हसला. ते हसणं अजून टोचतं.

तुम्ही हसला नाहीत. माझी पिशवी रिकामी करायला लावलीत, हातोडी, डॉली (पत्र्यामागे धरायचा लोखंडी ठोकळा), पेपर गुंडाळायचा रबर ब्लॉक, 80 नंबरपासूनचे घासायचे पेपर सगळं ओळीने मांडलंत आणि रंगाचा डबा तेवढा उचलून लांब ठेवलात. "ह्याला अजून खूप वेळ आहे."

त्यानंतरची एक गोष्ट मी विसरूच शकत नाही. लांबी घासून झाली होती, दार मला सपाट दिसत होतं. तुम्ही खिशातला पातळ सुती रुमाल काढलात, माझ्या तळहाताखाली घातलात आणि माझं मनगट धरून हात दारावरून लांबवर फिरवलात. "डोळे मीट. नुसती बोटं नकोत, अख्खा पंजा टेक." हँडलच्या खाली हात किंचित चढला आणि उतरला. डोळ्यांना न दिसलेली लाट हाताला लागली! मग काळ्या रंगाचा अगदी विरळ फवारा मारून ब्लॉक फिरवायला सांगितलात. उंचवट्यावरचं काळं लगेच निघून गेलं, खोलगट भागात तसंच राहिलं.

ब्लॉक तुम्ही एकदाही माझ्या हातातून घेतला नाहीत. तुम्हाला ते काही मिनिटांचं काम होतं आणि मी तर घामाघूम झालो होतो. तरी तुम्ही बाजूला उभे राहून माझा हात शिकेपर्यंत थांबलात. ज्याला येतं त्याने न येणाऱ्यासाठी असं थांबणं, ही माझ्या लेखी फार मोठी माणुसकी आहे. कसब दाखवून समोरच्याला गप्प करणारे पुष्कळ भेटतात, काका. कसब त्याच्या हातात उतरेपर्यंत धीर धरणारे फार थोडे.

आणि प्रत्येक गोष्टीचं कारण सांगितलंत. लांबी पाणी शोषते, म्हणून ती कोरडीच घासायची आणि पाणी लावून घासायचा वॉटर पेपर प्रायमर, म्हणजे रंगाखालचा थर, चढल्यावरच वापरायचा. लांबी घट्ट करणारा हार्डनर साधारण 2 टक्के. घाईने जास्त घातला तर त्याचा डाग पुढे रंगातून वर येतो. पॉलिशमधलं सिलिकॉन पत्र्यावर राहिलं तर रंग तिथे धरत नाही, बारीक गोल खड्डे पडतात, म्हणून एका फडक्याने क्लीनर लावायचा आणि तो सुकायच्या आत दुसऱ्या कोरड्या फडक्याने पुसून घ्यायचा. हे कोणी मला आधी सांगितलंच नव्हतं.

टू-के क्लिअरच्या, म्हणजे रंगावर हार्डनर मिसळून मारायच्या पारदर्शक कोटाच्या बाबतीत मात्र तुम्ही ठाम राहिलात, त्याबद्दल वेगळे आभार. त्याच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट नावाचं रसायन असतं, त्याने कायमचा दमा जडू शकतो, साधा धुळीचा मास्क तिथे काहीच कामाचा नाही आणि वास आला नाही म्हणजे धोका नाही असंही नाही. बाहेरून स्वच्छ हवा पुरवणारा मास्क नसताना हा कोट घरी मारायचा नाही, म्हणालात, आणि तेवढं काम रंगाच्या बंदिस्त बूथमध्ये करून घ्यायला लावलंत. माझी हौस मोडेल म्हणून तुम्ही गप्प बसला नाहीत, काका. माझ्या छातीची काळजी माझ्याआधी तुम्ही केलीत.

दार झालं. तिरप्या उजेडात बघितलं तरी लाट दिसत नाही. आता बॉनेट काढलंय, पुढच्या कडेचा गंज पत्र्यापर्यंत घासून झालाय आणि वर इपॉक्सी प्रायमर मारलाय. लांबी लावण्याआधी एकदा येऊन बघून जाल का? तुमच्या सवडीने या, मला काही घाई नाही.

तुमचा ऋणी,
दारवाला