लाल पेनाने लिहिलेली अ‍ॅलर्जी

मा. संपादक,
स.न.वि.वि.

सरकारी हॉस्पिटलं 'डिजिटल' झाल्याची बातमी वाचली की मला आमच्या आईची पिशवी आठवते. गेल्या वर्षी तिला एका सरकारी हॉस्पिटलातून दुसऱ्या सरकारी हॉस्पिटलात रेफर केलं, दोन्हीकडे कॉम्प्युटर, दोन्हीकडे बारकोडवाला केस पेपर, आणि तरी काउंटरवर पहिला प्रश्न काय, तर "जुने पेपर आणलेत का?" आणले होते की, पिशवीभर! त्यात सीटी स्कॅनची सीडी होती, पण तिथल्या कॉम्प्युटरला ती टाकायची सोयच नव्हती. चार दिवसांपूर्वी काढलेलं रक्त परत काढलं. पेनिसिलिनची अ‍ॅलर्जी पहिल्या डॉक्टरांनी पेपरच्या कोपऱ्यात लाल पेनाने लिहिली होती, ती मी बोट ठेवून दाखवली तेव्हा सिस्टरच्या लक्षात आली. मी नेमका तेव्हा खाली औषधांच्या लाइनीत असतो तर?

सिस्टरला मी दोष देत नाही, तिच्या स्क्रीनवर काहीच नव्हतं. आपल्याला वाटतं पेशंटला एक नंबर दिला, एक ॲप काढलं की झालं काम. नंबरवरून फक्त एवढंच कळतं की हा माणूस तोच. जुने कागद स्कॅन करून पीडीएफ चढवल्या तर ते नुसते फोटो झाले, त्यावरून चुकीचं इंजेक्शन लिहिताना स्क्रीनवर लाल सूचना येत नाही. आणि आकड्यांची तर वेगळीच गंमत आहे. क्रिएटिनिन (किडनीसाठी करतात ती रक्ताची टेस्ट) एका लॅबच्या रिपोर्टवर १.२ येतं आणि दुसऱ्या लॅबच्या रिपोर्टवर १०६, कारण एक मिलिग्रॅम पर डेसिलिटरमध्ये मोजते आणि दुसरी मायक्रोमोल पर लिटरमध्ये. किडनी तीच, तब्येत तीच, पण नुसता आकडा पुढे गेला आणि युनिट मागे राहिलं तर वाचणाऱ्याची पाचावर धारण!

यावर उपाय आहेत, नवीन काही शोधायचं नाहीये. माहिती पाठवायला एफएचआयआर म्हणून स्टँडर्ड आहे (उच्चार 'फायर', आगीशी संबंध नाही), टेस्टच्या नावांना लॉइंक कोड आहेत, आजारांना आयसीडी. पण हे टेंडरमध्येच लिहून घ्यायला पाहिजे, की डेटा या स्वरूपात बाहेर काढून दिला नाही तर बिल निघणार नाही, नाहीतर कंपनी बदलली की सगळ्या पेशंटचा इतिहास जुन्या सॉफ्टवेअरमध्ये कुलूपबंद.

आणि घाईही नको. ब्रिटनने २००२ मध्ये सगळ्या एनएचएससाठी, म्हणजे तिथल्या सरकारी आरोग्यसेवेसाठी, वरून मोठा आयटी प्रोग्राम आणला, अब्जावधी पौंड घातले आणि २०११ मध्ये तो मोडीत काढल्याचं जाहीर केलं. एस्टोनियासारख्या छोट्या देशात २००८ पासून देशभराची एकच आरोग्य नोंद चालू आहे, आणि मला त्यातलं सगळ्यात जास्त काय आवडलं तर तिथे आपली फाइल कोणी उघडून बघितली हे पेशंटला स्वतःला बघता येतं. हे नसेल तर मानसिक आजार किंवा एचआयव्हीचा पेशंट कशाला खरं सांगेल? उद्या क्लार्कनेही वाचलं तर काय, ही भीती राहणारच ना.

आयर्लंडमध्ये मे २०२१ मध्ये सरकारी आरोग्यसेवेवर रॅन्समवेअरचा (कॉम्प्युटर कुलूपबंद करून खंडणी मागणाऱ्या व्हायरसचा) हल्ला झाला तेव्हा हॉस्पिटलं पुन्हा कागद-पेनावर आली होती, म्हणजे सगळं जोडलं तरी बंद पडल्यावर काय करायचं हेही आधीच ठरवायला लागेल.

माझी मागणी छोटी आहे. अख्खी फाइल जोडायला वर्षं लागतील, लागू देत. पण अ‍ॅलर्जी, चालू औषधं आणि मोठे आजार एवढ्या तीन गोष्टी आधी सगळ्या सरकारी हॉस्पिटलांच्या स्क्रीनवर दिसू द्या, आणि डिस्चार्जच्या वेळी त्याच एका पानावर छापूनही द्या.

आपला,
एक वाचक