पाइपाच्या पुढची विहीर दाखवणाऱ्या काकांना

आदरणीय काका,
सा. न.

हे पत्र दोन मजले चढून तुमच्या हातात देता आलं असतं. पण रबाळे, महापे, तुर्भ्याच्या वर्कशॉपमध्ये तेलविहिरींचे सुटे भाग घडवणारी, तपासणारी पुष्कळ मुलं-मुली आहेत. आपण केलेली वस्तू विहिरीत उतरून काय करते, हे त्यांतल्या बऱ्याच जणांना कुणी सांगितलेलं नसतं. मलाही नव्हतं. तुम्ही सांगितलंत, म्हणून आभार चारचौघांत मानते आहे.

माझं काम क्वालिटीचं. साडेतीन इंची ट्युबिंगमधून, म्हणजे विहिरीतून तेल वर आणणाऱ्या नळीतून, ४२ इंच लांब आणि २.८६७ इंच व्यासाचा ड्रिफ्ट (तपासणीचा दांडा) आरपार गेला तर पास, अडला तर रिजेक्ट, इतकंच मला माहीत होतं. तुम्ही विचारलंत, "त्या नळीतून पुढे काय काय खाली जाणार आहे, ठाऊक आहे?" आणि मग वायरलाइनवरून, म्हणजे बारीक तारेवरून, उतरणारे प्लग, दाब मोजणारे गेज, गॅस लिफ्टचे व्हॉल्व्ह, सगळं कागदावर काढून दाखवलंत. एकच सांधा आतून आवळलेला निघाला, तर त्याच्या खालच्या भागात काही नेताच येत नाही. त्या संध्याकाळनंतर ड्रिफ्ट हातात घेताना मला त्याच्या पुढची विहीर दिसते.

ड्रिलिंगची रिग हलली की विहीर तयार, असंच मी समजत होते. खोदून झालेल्या, केसिंग (बाहेरची पोलादी नळी) बसवून सिमेंट केलेल्या विहिरीतून तेल सुरक्षितपणे वर येईल अशी व्यवस्था लावणं म्हणजे कम्प्लीशन, हे तुमच्याकडून कळलं. त्यातली एक गोष्ट मनात पक्की बसली: केसिंग बदलता येत नाही. ते सिमेंटने खडकाला धरलेलं असतं. म्हणून तेल केसिंगमधून थेट वर न आणता आत ट्युबिंग सोडायचं आणि खाली पॅकर बसवायचा. पॅकरचे दातेरी स्लिप केसिंगला पकडतात, रबर फुगून दोन्हींमधली फट बंद करतं. मग तेल-वायूचा दाब, क्षार, हायड्रोजन सल्फाइड, जे काही सोसायचं ते ट्युबिंग सोसतं; केसिंग वाचतं. ट्युबिंग खराब झालं तर वर्कओव्हर (विहिरीची दुरुस्ती) करून काढता येतं. 'जे बदलता येत नाही, त्याला झिजू द्यायचं नाही,' हे तुमचं वाक्य मी आमच्या तपासणीच्या टेबलावर लिहून लावलं आहे.

दीड हजार मीटरची पोलादी नळी सरासरी ४० अंशांनी तापली तर जवळपास पाऊण मीटर लांबते, हा हिशेब तुम्ही माझ्याकडूनच करून घेतलात. ती लांबी कुठे जाणार, हे आधीच ठरवावं लागतं. नाहीतर नळी वाकते किंवा पॅकरवर नको तो भार येतो. आम्ही करतो ते आखूड पप जॉइंट म्हणजे उरल्यासुरल्या पाइपाचे तुकडे, असं मी धरून चालले होते. पण ट्युबिंग हँगर, म्हणजे नळी वरून टांगून धरणारा भाग, नेमका आपल्या जागी बसावा म्हणून लांबी जुळवतात ती त्यांनीच.

सेफ्टी व्हॉल्व्हबद्दल बोलताना तुमचा आवाज बदलतो, काका. समुद्रतळाच्या खाली, ट्युबिंगमध्येच बसवलेला तो फ्लॅपर, म्हणजे झडप. वरून बारीक नळीतल्या हायड्रॉलिक दाबाने तो उघडा धरून ठेवायचा. वर आग लागली, ख्रिसमस ट्री (विहिरीच्या तोंडावरची व्हॉल्व्हची जुळणी) तुटली, नळी फुटली, तरी दाब जातो आणि स्प्रिंग तो आपोआप मिटवते. बंद करायला माणूस तिथे असावा लागत नाही. जुहूहून हेलिकॉप्टरने चौदा-चौदा दिवसांसाठी समुद्रात जाणाऱ्यांच्या घरच्यांना याचं मोल समजेल.

मेक्सिकोच्या आखातातल्या डीपवॉटर होरायझन या ड्रिलिंग रिगची हकीकतही तुम्हीच नीट समजावलीत. २० एप्रिल २०१० रोजी तळाचं सिमेंट दाब धरत नव्हतं. दाबाच्या चाचणीत तसा इशारा मिळालाही होता, पण त्याचा अर्थ चुकीचा लावला गेला. अकरा माणसं गेली. तेव्हापासून हायड्रोटेस्टचा (पाण्याच्या दाबाने केलेल्या चाचणीचा) आलेख मी सरळ रेष दिसली म्हणून पुढे ढकलत नाही. रेष कुठून सुरू झाली, किती वेळ टिकली, हे पाहूनच सही करते.

पर्फोरेशन (केसिंगला छिद्रं पाडणं), चुनखडीच्या थरात सोडायचं हायड्रोक्लोरिक ॲसिड, आधी विहीर दाबून धरायला भरलेलं गाळविरहित ब्राइन (खारं पाणी), या सगळ्याचं श्रेयही तुमचंच. पण मुंबई हायच्या गॅस लिफ्टवर तुम्ही सर्वात जास्त रमलात. १९७६ साली उत्पादन सुरू झालेल्या त्या क्षेत्रातल्या पुष्कळ विहिरींमध्ये आता केसिंग-ट्युबिंगमधल्या फटीतून वायू सोडून तेलाचा स्तंभ हलका करावा लागतो. हा वायू आत सोडणारा व्हॉल्व्ह मॅन्ड्रेलच्या (ट्युबिंगमध्ये जोडलेल्या खास तुकड्याच्या) बाजूच्या खिशात बसतो आणि ट्युबिंग न उपसता वायरलाइनने बदलता येतो, हे सांगताना तुमच्या चेहऱ्यावर जो आनंद होता, तो माझ्याही कामात उतरला आहे.

तुमच्या आकृत्या मी वहीत पुन्हा नीट काढल्या आहेत. पुढच्या महिन्यात आमच्याकडे आयटीआयची नवी मुलं येतील, त्यांना यावरूनच शिकवणार आहे. रविवारी वही घेऊन येते. गॅस लिफ्ट मॅन्ड्रेलचं पान तेवढं तुमच्या नजरेखालून जाऊ द्या.

आपली,
चौथ्या मजल्यावरची, ऐरोली