घरी शिकवायचं तर नियम काय, ते एकदा लेखी सांगा

संपादक साहेब, नमस्कार.

आमचा मुलगा ९ वर्षांचा आहे आणि गेल्या जूनपासून आम्ही त्याला घरीच शिकवतोय. तिसरी झाल्यावर दाखला मागायला गेले तेव्हा हेडसर 'शाळा सोडण्याचे कारण' या रकान्यावर पेन टेकवून थांबले, म्हणाले मॅडम इथं काय लिहू, दुसऱ्या शाळेचं नाव सांगा. घरी शिकवणार म्हटल्यावर म्हणाले हे बेकायदा आहे. मग सरकारी ऑफिसात विचारलं तर एका टेबलावर सांगितलं "खुशाल शिकवा, काही होत नाही" आणि शेजारच्याच टेबलावर "पालकांवर केस होते". लेखी द्या म्हटलं तर दोघंही गप्प.

शेवटी मी स्वतःच शिक्षण हक्क कायदा वाचून काढला. २००९ चा कायदा, १ एप्रिल २०१० पासून लागू, ६ ते १४ वयाच्या मुलांसाठी. त्यातलं कलम १० म्हणतं की मुलाला जवळच्या शाळेत घालणं हे पालकांचं कर्तव्य आहे, पण नाही घातलं तर पालकांना दंड किंवा शिक्षा असं त्यात कुठंच नाही. दंड आहे तो मान्यता न घेता शाळा चालवणाऱ्याला, १ लाखापर्यंत, आणि तरी चालू ठेवली तर रोजचे १० हजारापर्यंत, म्हणून चार घरची पोरं जमवून फी घेऊन वर्ग काढणाऱ्यांनी आधी नीट चौकशी करावी. घरी शिकवायला स्पष्ट परवानगीही नाही आणि नाव घेऊन बंदीही नाही, तिथंच सगळा घोळ आहे. उद्या परत शाळेत घालावं वाटलं तर कलम ४ प्रमाणे वयानुसार वर्गात प्रवेश मिळतो, हे मला कुणीच सांगितलं नव्हतं. दहावीसाठी १४ वर्षं पूर्ण झाल्यावर एनआयओएस म्हणजे केंद्राचं मुक्त शिक्षण मंडळ आहे, शाळेत न जाता बाहेरून परीक्षेला बसायला आपल्या बोर्डाचा १७ नंबरचा फॉर्म आहे, राज्याचं मुक्त विद्यालय मंडळ तर पाचवी आणि आठवीचीही परीक्षा घेतं. म्हणजे पुढचे रस्ते सरकारनंच केलेत, मधल्या वर्षांचं तेवढं कुणी बोलत नाही.

मध्यंतरी शाळाबाह्य मुलांच्या सर्व्हेला एक बाई आल्या. मुलगा तेव्हा माझ्यासोबत काट्यावर पीठ मोजत पाव किलो, अर्धा किलोचे अपूर्णांक मांडत होता, बाईंनी वही चाळली, अक्षराचं कौतुक केलं आणि तरी नाव शाळाबाह्यच्या यादीत लिहिलं. म्हणाल्या ताई, माझ्याकडे दुसरा रकानाच नाही. त्याच पानावर वर ऊसतोडीला गेलेल्या कुटुंबातल्या दोन मुली होत्या. त्यांना खरंच शाळेत आणायला हवं, माणसं आणि पैसा तिकडे लागायला हवा, आमच्या पोराचं नाव त्या यादीत घालून ना त्यांचं भलं होतं ना आमचं.

शिक्षण खात्याला माझी कळकळीची विनंती आहे, एक पानी परिपत्रक काढा. घरी शिकवणाऱ्या पालकांनी कुणाला कळवायचं, दाखल्यावर कारण काय लिहायचं, सर्व्हेत नोंद कुठं करायची, वर्षातून एकदा कुणी येऊन मुलाची प्रगती बघणार का. बघायला या, आम्ही वह्या काढून ठेवू. नियम कडक असले तरी पाळू, पण ते आधी कळू तरी द्या.

आपली,
एक पालक