मैदानाच्या पाटीवर मामांचं नाव हवं

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

डिचोली तालुक्यातल्या आमच्या गावच्या मैदानावर प्रेक्षकांसाठी नवी गॅलरी झाली, याचा मला मनापासून आनंद आहे. पण उद्घाटनाच्या पत्रिकेत, ज्यांनी हे मैदान केलं त्या आमच्या ड्रायव्हरमामांचं नाव कुठेच नाही. म्हणून हे पत्र.

गेल्या हिवाळ्यात मी मुलाकडे मॉन्ट्रियलला होते. त्याने मला लॉरेंशियन डोंगरात नेलं. तिथे बर्फाच्या एका लहानशा उतारावर पाच-सहा वर्षांची पोरं फिरता दोर हातमोज्यांत घट्ट धरून वर सरकत होती आणि स्कीवरून घसरत खाली येत होती. पूर्वी हा चढ पायीच चढावा लागे. 1930 च्या दशकाच्या सुरुवातीला तिथल्याच शॉब्रिज गावात ॲलेक्स फॉस्टर यांनी डॉज मोटार ठोकळ्यांवर चढवली, चाकाच्या रिमवरून दोर फिरवला आणि माणसं वर ओढली. 1934 मध्ये अमेरिकेत व्हरमाँटमधल्या वुडस्टॉकला एका शेतकऱ्याच्या कुरणात तसाच दोर फोर्डच्या इंजिनावर फिरू लागला. मुलगा हे सांगत होता आणि मला आमचे ड्रायव्हरमामा दिसत होते.

मामा खाणीच्या ट्रकवर होते. मैदानाच्या जागी तेव्हा काजूंचा उतार, मध्ये जांभ्याचे हे एवढे धोंडे. रविवारी मालकाला विचारून मामा ट्रक आणायचे, धोंड्याला तारेचा दोर बांधायचे, आम्हा मुलांना लांब पिटाळायचे आणि पहिल्या गिअरमध्ये ट्रक तसूतसूने पुढे घ्यायचे. दोर ताणला की करकरायचा, मग धोंडा मुळासकट उपटल्यासारखा बाहेर यायचा. मी सातवीत होते; आम्ही मुली घमेल्यांनी माती वाहायचो. डिझेल मामांच्या खिशातलं, चहा मामींच्या चुलीवरचा. पहिल्याच पावसाळ्यात खालची बाजू ढासळली, लाल चिखल खालच्या कुळागरात, म्हणजे सुपारीच्या बागेत, गेला. कितीतरी जण म्हणाले, आता सोड हा नाद. मामांनी दिवाळीनंतर चिऱ्यांचा बांध घातला. तो बांध अजून शाबूत आहे, आणि नवी गॅलरी त्याच्याच बाजूला उभी आहे.

मामा आता नाहीत. पाटी अजून रंगवायची आहे असं कळतं. तिच्यावर पाहुण्यांच्या आधी त्यांचं नाव यावं. मामी मैदानाच्या मागेच राहतात. उद्घाटनाचं बोलावणं कोणीतरी त्यांच्या घरी जाऊन द्यावं.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, डिचोली