तुझ्या नावावर खपवलेले अकरा किलो

जालना,
रविवार, उपासनेनंतर

चि. माईस,
पप्पाचा सलाम.

परवा रात्री तू फोनवर जे बोललीस त्याला मी तेव्हा नीट उत्तर दिलं नाही. आई बाजूलाच होती आणि तूही रडत होतीस. "पप्पा, तो न्यायाचा दिवस वगैरे तुम्ही खरंच मानता का?" असं विचारून तू फोन ठेवलास. फोनवर मला नीट बोलता येत नाही, तुला माहीत आहे. म्हणून लिहितो. हस्ताक्षर लागलं नाही तर आईला फोन कर, तिला माझं वाचता येतं.

आधी तुझं. रात्री दोनला बीपी घेतलं नाहीस, मागचाच आकडा चार्टवर उतरवलास. वॉर्डात तुम्ही दोघीच, पेशंट तीसच्या वर, आणि बरोबरची सीनियर म्हणाली, लिहून टाक, सगळेच लिहितात. सकाळी सहाला त्या आजोबांचं बीपी पडलेलं निघालं, धावपळ झाली, त्यांना आयसीयूत हलवलं. आता ते घरी गेलेत. दोनला मोजलं असतं तर आधीच कळलं असतं का, हे कुठलाही डॉक्टर छातीठोकपणे सांगणार नाही. आणि तू म्हणतेस, कोणालाच माहीत नाही.

आता माझं ऐक. हे आईलाही पूर्ण माहीत नाही.

तू पोटात होतीस तेव्हाची गोष्ट. तेव्हा मी जालन्यात नव्हतो, तालुक्याच्या एका मोंढ्यात मापाडी होतो, लायसन नवंच मिळालेलं. आजच्यासारखे लाल आकड्यांचे काटे नव्हते, दांडीचा काटा असायचा. एका पारड्यात वजनं, दुसऱ्यात पोतं. सकाळी पारडी टांगताना वजनाच्या पारड्याखाली बोट गेलं तर काहीतरी गार लागलं. वाकून पाहिलं. बुडाला शिशाचा जाड पत्रा ठोकून बसवलेला, तळहाताएवढा. अर्धा किलो तरी असेल. म्हणजे पन्नास किलोचं पोतं भरायचं तर शेतकऱ्याचा साडेपन्नास किलो माल जाणार. आडत्याकडे पाहिलं. तो गादीवर बसून पट्ट्या लिहीत होता. मान वर न करता म्हणाला, "मापाडी, आपलं काम करा."

त्या दिवशी पहिलाच माल एका म्हाताऱ्याची तूर होती, बावीस पोती. माप सुरू करायच्या आधी रिकामा काटा शेतकऱ्याला दाखवायचा असतो, सुई मधोमध उभी आहे हे त्यानं डोळ्यानं बघायचं असतं. मापाड्याचं अर्धं काम तेवढंच. मी काट्याकडे तोंड आणि म्हाताऱ्याकडे पाठ करून उभा राहिलो. तो म्हणाला, "बराबर हाय ना, मापाडी?" मी म्हणालो, "बराबर हाय." बावीस पोत्यांत अकरा किलो. पत्रा दुसऱ्याच्या हातानं ठोकलेला होता. पाठ माझी होती.

घरी येताना मनाला काय सांगितलं असेल? बायको गरोदर आहे, दवाखान्याला पैसे लागतील, नोकरी गेली तर लेकरानं काय खायचं. ते लेकरू म्हणजे तू. ते अकरा किलो मी तुझ्या नावावर खपवले, तेही तू जन्माला यायच्या आधी.

आता तुझा प्रश्न. हो, मी मानतो. आपण दर रविवारी मतांगीकार, म्हणजे आपल्या विश्वासाची कबुली, म्हणतो त्यातलं एक वाक्य आहे, तो, म्हणजे ख्रिस्त, जिवंतांचा आणि मेलेल्यांचा न्याय करायला येईल. तुला ते लहानपणापासून पाठ आहे, म्हणून कदाचित ऐकूच येत नसेल. मलाही बरीच वर्षं आलं नाही.

या गोष्टीची भीती घालून पोट भरणारे खूप आहेत, त्यांच्या नादी लागू नकोस. तुझ्या मोबाईलवरही येत असतील, मागे आगीचं चित्र लावून ओरडणारे. २०११ साली अमेरिकेतल्या एका रेडिओवरच्या प्रचारकानं तर तारीखच दिली होती, २१ मे. त्या दिवशी आपल्या गल्लीत नळाला पाणी यायची पाळी होती आणि तुझी आई हंडे मांडून बसली होती. तिला म्हणालो, आज जगाचा शेवट आहे म्हणतात. ती म्हणाली, आधी पाणी भरून घेऊ. प्रभू स्वतः म्हणाला की तो दिवस आणि ती घटका देवदूतांना ठाऊक नाही, पुत्रालाही नाही. मग या लोकांना कुठून कळते?

पण भीतीचा धंदा होतो म्हणून न्याय खोटा ठरत नाही. आपल्या वाडवडिलांना या गोष्टीची भीती वाटत नव्हती, उलट आनंद वाटत होता. तुझ्या पणजोबांचं घराणं बेथेलचं. नारायण शेषाद्री हे ब्राह्मण घरातले, १८४३ साली मुंबईत बाप्तिस्मा घेतलेले. त्यांनी निजामाचे दिवाण सालारजंग यांच्या काळात निजाम सरकारकडून जमीन मिळवून जालन्याजवळ ते गाव वसवलं आणि त्यात मांगवाड्यातून आलेली माणसं राहिली. बेथेल म्हणजे देवाचं घर. त्या माणसांना चावडीवर कधी न्याय मिळाला होता? वेशीच्या आत पाय टाकायची चोरी. त्यांना कुणीतरी येऊन सांगितलं की एक दिवस असा येणार आहे, त्या दिवशी पाटीलही उभा राहील आणि तूही उभा राहशील, आणि न्यायाधीश लाच खात नाही. माझी आजी हे सांगायची तेव्हा तिचा चेहरा लग्नाचं सांगावं तसा व्हायचा. शहाण्णवावं स्तोत्र काढून बघ. देव पृथ्वीचा न्याय करायला येतोय म्हणून तिथं रानातली झाडं आनंदानं गातात. न्यायाधीश येतोय म्हणून कोण गाईल? ज्याचं माप आयुष्यभर कमी भरलं, तो.

माझी अडचण अशी की आजी ज्या बाजूला उभी होती त्या बाजूला मी राहिलो नव्हतो. त्या काट्यापाशी मीच चावडीवाला झालो होतो.

मोंढ्यात आमच्याबरोबर एक हमाल चाचा होते. पोतं पाठीवर घेताना म्हणायचे, "हश्र में सब तुलेगा," म्हणजे न्यायाच्या दिवशी सगळं तोललं जाईल. शेजारचे काका चित्रगुप्ताच्या वहीचं बोलतात. हिशेब आहे हे मराठवाड्यात कोणाला सांगावं लागत नाही. आपल्याकडे वेगळं काय, तर न्याय करणारा कोण हे. योहानाच्या शुभवर्तमानात आहे की बापानं न्यायाचं सगळं काम पुत्राकडे सोपवलं. म्हणजे जो न्यायासनावर बसणार तो स्वतः एकदा खोट्या खटल्यात आरोपी म्हणून उभा होता आणि त्याच्या हातांवर वण आहेत. त्या खटल्यात रोमी सुभेदार पिलातानं पाणी मागवून सगळ्यांसमोर हात धुतले आणि म्हणाला, या रक्ताबाबत मी निर्दोष आहे, तुमचं तुम्ही बघा. धुतले खरे हात, पण दोन हजार वर्षं झाली, मतांगीकारात त्याचं नाव आपण अजून घेतो. सीनियरनं सांगितलं, आडत्यानं सांगितलं, लोकांनी ओरडा केला. ते पाणी तेच आहे, माई.

तू म्हणशील, आपलं तारण तर कृपेनं आहे, विश्वासानं आहे, मग हिशेब कसला? यावर मी पाळकसाहेबांशी खूप वाद घातलाय. योहान पाचमध्ये आहे, जो विश्वास ठेवतो तो न्यायात सापडत नाही. आणि पौल करिंथच्या मंडळीला, म्हणजे विश्वास ठेवणाऱ्यांनाच, लिहितो की आपल्या सगळ्यांना ख्रिस्ताच्या न्यायासनापुढे उभं राहायचंय आणि देहात असताना केलेल्या बऱ्यावाईटाचं फळ घ्यायचंय. दोन्ही एकाच पुस्तकात. मोठमोठ्या विद्वानांनी यावर ग्रंथ लिहिलेत. कॅथलिक मंडळी सांगतात की मरणानंतर लगेच एक न्याय आणि शेवटी सगळ्यांचा मिळून एक. मेल्यावर पापं शुद्ध होण्याची मधली जागा, शुद्धिस्थान, तेही ते मानतात, आपल्याकडे मानत नाहीत. मी मापाडी माणूस, मला समजतं ते एवढंच. घरातून हाकलून देणार नाही हा बापाचा शब्द वेगळा आणि संध्याकाळी बापापुढे बसून दिवसभराचं सांगणं वेगळं. पहिला शब्द पक्का आहे म्हणून दुसरं जमतं. हाकलतील या भीतीनं पोरगं खोटंच बोलतं.

मत्तय पंचविसात न्यायाच्या दिवशी प्रभू माणसं वेगळी करतो, मेंढपाळ मेंढरं उजवीकडे आणि शेरडं डावीकडे करतो तशी. आपल्याकडे धनगर करतात ना, तसंच. मला त्यात एकच गोष्ट खटकायची. डाव्या बाजूचे विचारतात, प्रभू, आम्ही तुला आजारी कधी पाहिलं आणि तुझी सेवा केली नाही? म्हणजे त्यांना माहीतच नव्हतं. आजारी पडलेला तो होता. नर्स पोरीला हे मी काय समजावणार, रात्री दोनला तू उठून त्या खाटेपाशी जातेस तेव्हा कोणापाशी जातेस ते. हे घाबरवायला लिहीत नाही. बाकीच्या शेकडो रात्री तू गेलीस, तेही त्यात आलं. फक्त त्या एका रात्रीचं तू आकड्याखाली झाकलंस.

मी माझं सहा वर्षं झाकून ठेवलं. मग एकदा बायबलातला यहेज्केल अठरा वाचत होतो. इस्राएलात एक म्हण चालायची, बापांनी आंबट द्राक्षं खाल्ली आणि मुलांचे दात आंबले. देव म्हणतो, ही म्हण बंद करा. बापाचा दोष मुलावर नाही आणि मुलाचा बापावर नाही, ज्याचं त्यानं. वाचता वाचता थांबलो. तू तेव्हा सहा वर्षांची, अंगणात शाळेची पाटी घेऊन बसलेली. आणि मी म्हणायचो ते सगळं हिच्यासाठी.

मग शुभवर्तमानातला जकातदार जक्कय आठवला. कोणाचं काही अन्यायानं घेतलं असेल तर चौपट परत देतो, असं तो येशूला म्हणाला होता. चव्वेचाळीस किलो तुरीचे त्या वेळच्या भावानं पैसे केले, खिशात घातले आणि एसटीनं त्या गावाला गेलो. म्हातारा ओट्यावर बसून दोरी वळत होता. ओळखलं त्यानं. मी उभ्यानंच सगळं सांगितलं, शिशाचा पत्रा, अकरा किलो, सगळं. तो दोरी वळतच होता. म्हणाला, "मला तवाच कळलं व्हतं. तू रिकामा काटा दावला न्हाईस."

मी विचारलं, मग बोलला का नाहीत?

"पोरीचं लगीन व्हतं आठ दिसावर. पैसा पायजे व्हता. भांडून माल वापस नेऊ कामून?"

सहा वर्षं मी समजत होतो की कोणालाच माहीत नाही. ज्याचं घेतलं त्याला पहिल्या दिवसापासून माहीत होतं, आणि तो गप्प बसून ते वागवत होता. त्यानं पैसे मोजले, अकरा किलोचे काढून घेतले आणि बाकीचे माझ्या हातात परत ठेवले. मी जक्कयचं सांगितलं. तो म्हणाला, "तुमच्या पुस्तकात कायबी असंल. माझं अकरा किलो." त्याच्या सुनेनं चहा दिला. तोंडात घोट फिरत होता, गिळवत नव्हता.

परत आल्यावर आडत्याला सांगितलं की मी यापुढे रिकामा काटा दाखवल्याशिवाय माप करणार नाही. तो हसला. दुसऱ्या दिवसापासून माझं माप बंद. आठ महिने मी पोती उचलली, मग जालन्याला आलो. तुला वाटायचं ना, पप्पाची पाठ कामून दुखते? आता कळलं.

एक गोष्ट इथंच सांगतो, नाहीतर पुढे म्हणशील पप्पानं लपवलं. कबूल केल्यावर हलकं वाटतं असं लोक सांगतात. मला लगेच नाही वाटलं. लाज वाटली, आणि घरात पैशाची ओढाताण. हलकं फार नंतर वाटलं, प्रभुभोजनाच्या वेळी. पाळकसाहेब म्हणाले, माणसानं आपली परीक्षा करावी आणि मग भाकर खावी, आणि त्या दिवशी मी खाली न बघता हात पुढे केला.

तू इन्चार्ज सिस्टरांकडे जा. त्या रात्रीचा दोनचा आकडा मी घेतलेला नाही, एवढं एकच वाक्य. सीनियरचं नाव घेऊ नकोस, तिचा हिशेब तिचा. पेशंट किती होते, नर्स किती होत्या, तेही सांग. ते रडगाणं नाही, खरंच आहे, आणि ज्यांनी तीस पेशंटांवर दोन पोरी ठेवल्या त्यांचाही काटा कुठंतरी टांगलेला आहे. मेमो मिळेल, पगार कापतील, कदाचित काढतीलही. काढलं तर घरी ये. मी चिठ्ठीत मोठं मोठं लिहितोय, पण तू सिस्टरांच्या दारात उभी राहशील तेव्हा पाय तुझेच कापतील, माझे नाही, हे मला कळतं.

आणि ते आजोबा कुठल्या गावचे ते फाईलवर असेल. लगेच काही करू नकोस. नंतर वाटलं तर बघ.

कुठल्या दिवशी जातेस ते आधी कळव. मी त्या दिवशी मोंढ्यात असलो तरी फोन उचलीन, माप थांबलं तर थांबू दे.

आईनं पार्सल दिलंय, उद्या एसटीत टाकतो. ज्वारीचं पीठ, लसणाची चटणी आणि तुरीची डाळ आहे. डाळ किती ते विचारू नकोस, तिनं ओंजळीनं घातली, मला काट्यावर ठेवू दिली नाही.

तुझा,
पप्पा