नाना, त्या करवंटीभर पाकाबद्दल

तीर्थस्वरूप नाना यांना,
शि. सा. न. वि. वि.

तुमचा फोन फक्त बोलण्यापुरता, म्हणून हे पत्र तुमचा नातू तुम्हाला वाचून दाखवेल. त्याला तसं सांगून ठेवलंय. चारचौघांत लिहितेय, कारण मेढ्यापासून केळघरपर्यंत आमच्या जावळीत यंदा बऱ्याच जणांनी सातेरी जातीच्या मधमाशांच्या पेट्या घेतल्यात, काहींनी तर अगदी मागच्या पंधरवड्यात. पाऊस तोंडावर आलाय. गेल्या वर्षी मी जिथे उभी होते तिथेच आज ते उभे आहेत. तुम्ही मला जे दाखवलंत ते त्यांच्याही कानावर पडावं. तुमचं नाव मात्र घालत नाही, तुम्हाला ते आवडणार नाही हे ठाऊक आहे.

गेल्या मेच्या अखेरीला बचत गटातून कर्ज काढून मी पाच पेट्या आणल्या. ज्यांच्याकडून आणल्या त्यांनी सांगितलं होतं, पावसाळ्यात पेटी उघडायची नाही, माशा आपलं आपण बघतात. मी ते प्रमाण मानलं. पेट्या देण्याआधी त्यांनी खालच्या कोठीतल्या, म्हणजे पेटीच्या खालच्या कप्प्यातल्या, पिलांच्या पोळ्यांवरचासुद्धा मध काढून घेतला होता. माशांचा स्वतःचा शिधा होता तो. हे मला कळायला जुलै उजाडला, तेही तुम्ही पोळ्याची चौकट उन्हाकडे धरून दाखवलीत तेव्हा. नंतर मी पेट्या देणाऱ्यांना फोन केले, ते उचलले गेले नाहीत.

महाबळेश्वरला वर्षाला सरासरी ५,००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि तो जवळजवळ सगळा चार महिन्यांत. आम्ही त्याच डोंगराच्या कुशीत. जूनच्या मध्यानंतर आठ-आठ दिवस उघडीप नसते. रानात फूल असलं तरी त्यात पाणी भरलेलं, आणि माशीला बाहेर पडायची सोय नाही. मी भातलावणीत अडकलेले. एक दिवस एका पेटीच्या दाराशी काहीच हालचाल दिसेना म्हणून झाकण काढलं. माशा पोळ्याच्या घरांत डोकी खुपसून मेल्या होत्या. शेकडो. फक्त मागची टोकं बाहेर. मला वाटलं, रोग आला. खाली तळफळीवर पडलेल्या माशा ओंजळीत घेऊन मी तशीच बसून राहिले. आत्यांनी, म्हणजे सासूबाईंनी, हाताला धरून घरात नेलं.

मग मी घाबरून दुसरी चूक केली. माझं माहेर कराडकडचं, गुऱ्हाळाची काकवी घरात कायम असते. गोड आहे, घरची आहे, म्हणून काकवी पाण्यात कालवून ताटल्यांतून पेट्यांच्या पुढ्यात ठेवली, तीसुद्धा भर दुपारी, जरा ऊन पडलं होतं तेव्हा. मुंग्या आल्या. माशा त्यात बुडून मेल्या. बळकट पेटीतल्या माशा कमजोर पेटीत लुटीला घुसल्या आणि दाराशी गुंता करून एकमेकींना मारू लागल्या. दोन दिवसांनी पेट्यांच्या पुढच्या फळ्यांवर तपकिरी शितोडे दिसले. माशांना हगवण लागली होती. तीही मीच लावली होती.

आमच्या गटातल्या एका ताईंचं माहेर मांघरच्या बाजूचं. २०२२ साली ज्याला मधाचं गाव म्हणून जाहीर केलं, तेच. त्यांनी तुम्हाला फोन लावून दिला. मी रडत होते, काय बोलले ते मला आठवत नाही. तुम्ही एवढंच विचारलंत, "पेटी मागनं उचलून बघितलीस का?" मी नाही म्हणाले. "उद्या येतो," म्हणालात.

केळघर घाटात त्या आठवड्यात दरड आली होती, गाड्या थांबत-थांबत सुटत होत्या. दुपारच्या एसटीतून तुम्ही उतरलात. डोक्यावर घोंगडीची खोळ, वर प्लॅस्टिकचा कागद, पिशवीत एक चाकू आणि नारळाच्या चार करवंट्या. चहासुद्धा नंतर म्हणालात आणि सरळ परड्यात गेलात.

पेटी मागून दोन बोटं उचलून बघणं, हे तुम्ही मला सगळ्यात आधी शिकवलंत. झाकण काढायचं नाही, धूर करायचा नाही, माशांना कळूही द्यायचं नाही. मागची कड जराशी उचलायची आणि हाताला विचारायचं. भरलेली पेटी जागची हलायला कुरकुरते, उपाशी पेटी रिकाम्या डब्यासारखी वर येते. तुम्ही माझ्याकडून चारही पेट्या पाच-पाच वेळा उचलून घेतल्यात. तिसरीला मी म्हणाले, ही जड लागतेय. तुम्ही म्हणालात, "जड न्हाय, वली हाय. लाकूड भिजलंय." मग झाकण काढून दाखवलंत, आत मधाची एक बोटभर पट्टीसुद्धा नव्हती. आज माझा हात ओलं आणि भरलेलं यातला फरक ओळखतो. किलोचा काटा मला हे सांगू शकला नसता.

काकवीबद्दल तुम्ही रागावला नाहीत. "काकवी माणसाला. माशीच्या पोटाला त्यातला मळ झेपत न्हाय, आन् पावसात तिला भायेर जाऊन पोट मोकळं करता येत न्हाय," एवढंच म्हणालात. बाजारातला मधही घालायचा नाही, कुठल्या मोहोळाचा रोग त्यात असेल सांगता येत नाही. साधी पांढरी साखर. साखर आणि पाणी सारखं-सारखं. पाणी उकळून चुलीवरून खाली घ्यायचं, मग साखर टाकून ढवळायचं. साखर चुलीवर शिजवायची नाही, करपलेली साखर माशीला बाधते. पूर्ण निवाला की द्यायचा. पेटीमागे आठवड्याला २०० ग्रॅम साखरेचा पाक, त्याहून जास्त नाही.

मी विचारलं होतं, उपाशी आहेत तर एकदमच भरपूर का नको? तुम्ही ज्या तऱ्हेने समजावलंत ते मी विसरणार नाही. हंगामात कामकरी माशी जेमतेम दीडेक महिना जगते. बाहेरून काही येईना झालं की राणी अंडी टाकणं आखडते. आज राणी थांबली, तर गणपतीनंतर रानात फुलं येतील तेव्हा ती गोळा करायला पेटीत जवान माशाच नसतील. आपण पाक देतो तो मोहोळ जगावं म्हणून, आणि थोडं-थोडं रोज येतंय असं राणीला वाटावं म्हणूनही. एकदम ओतला तर माशा तो पिलांच्या घरांत साठवतात आणि राणीला अंडं टाकायला जागा उरत नाही. शिवाय माशांनी सुकवून झाकायच्या आत तो आंबतो. पोटाला लावायचं, पण बेतानं. मला तोवर वाटत होतं की माया म्हणजे वाढतच राहायचं.

करवंटीत पाक, पाकावर गवताच्या काड्या, म्हणजे माशीला पाय टेकायला जागा. वरच्या रिकाम्या कोठीत करवंटी ठेवून झाकण बंद. दिवेलागणीला, सगळ्या पेट्यांना एकाच वेळी, म्हणजे एक दुसरीकडे लुटीला जात नाही. एक थेंब बाहेर सांडायचा नाही. सांडला तर पाण्याने धुऊन काढायचा. दार चिंध्या कोंबून एवढं बारीक केलंत की दोन माशा शेजारून जातील, बस. पेटीखालच्या लाकडी घोडीच्या चारही पायांखाली पाण्याच्या वाट्या, मुंग्यांसाठी. पेटीला पुढे किंचित उतार, आत आलेलं पाणी बाहेर जावं म्हणून. यातलं एकही काम अवघड नव्हतं. मला फक्त कुणी सांगितलं नव्हतं.

पोळी काढून टाकलीत तेव्हा मात्र माझा जीव कासावीस झाला. एकेका पेटीत सहा-सात चौकटी आणि माशा जेमतेम तिनांवर. उरलेल्या काळ्या पोळ्यांत मेणकिड्याची जाळी धरू लागली होती. तुम्ही माशांनी झाकलेली पोळी तेवढी ठेवलीत, बाकीची काढलीत. "माशी जेवढं पांघरील तेवढंच तिचं घर. वरचं समदं किड्याचं." रिकामी पोळी म्हणजे ठेव, असं मी समजत होते. कमजोर पेटीला ती ओझं असतात.

चौथ्या पेटीत एकेका घरात दोन-दोन, तीन-तीन अंडी होती. मी खूश झाले होते, अंडी दिसली म्हणून. तुम्ही गप्प झालात. राणी कधीच गेली होती, कामकरी माशाच अंडी टाकत होत्या आणि त्यातून नुसते नर निघणार होते. संध्याकाळी तुम्ही शेजारच्या बळकट पेटीवर जुन्या वर्तमानपत्राचा एक कागद अंथरलात, टाचणीने भोकं पाडलीत आणि ते बिनराणीचं मोहोळ कोठीसकट वर ठेवलंत. दोघींचा वास एक व्हायला वेळ मिळावा म्हणून कागद. तिसऱ्या दिवशी सकाळी दाराशी कागदाचा भुगा पडलेला दिसला. माशा तो तोंडाने ओढून बाहेर टाकत होत्या. मी तुम्हाला फोन केला तो तेव्हाचा. तुम्ही हसलात, "भांडी एक झाली त्यांची."

तुम्ही दोन मुक्काम केलेत. पैसे घेतले नाहीत. आत्यांनी दिलेला इंद्रायणी तांदूळ घेतलात, तोही त्यांनी बोलून-बोलून. जाताना सांगितलंत की तुमच्या वडिलांनी पहिली पेटी महाबळेश्वरच्या मध संचालनालयातून आणली होती. १९४६ साली ते सुरू झालं. त्याआधी तुमच्या वाडीत मध म्हणजे रात्री मशाल लावून पोळं कापायचं आणि पिलांसकट पिळायचं. वडिलांना कुणीतरी हात धरून शिकवलं, म्हणून तुम्ही आमच्याकडे आलात. मी विचारलं तेव्हा एवढंच कारण दिलंत.

पुढचं थोडक्यात सांगते, तुम्हाला फोनवरून माहीत आहेच. ऑगस्टमध्ये उघडीप मिळाली तशा माशा मक्याच्या तुऱ्यावरून परागाने पिवळे झालेले पाय घेऊन येऊ लागल्या. श्रावणात गांधीलमाशांनी दार धरलं, सकाळ-संध्याकाळ मी फळी घेऊन राखण केली. गणपतीनंतर पाक बंद केला. दिवाळीला तिन्ही पेट्या पाच चौकटी झाकून होत्या.

आणि दिवाळीतली ती गोष्ट. वरच्या बाजूला पोळ्यांत झाकलेला मध दिसत होता. आत्यांना खोकला होता, घरच्या पेटीचा पहिला मध त्यांना द्यावा असं माझ्या मनात होतं. शेजारचे तर विकत मागत होते, म्हणतील ती किंमत द्यायला तयार होते. तुम्हाला विचारलं. तुम्ही म्हणालात, "पोरी, त्यो मध न्हाय. तुझी साखर हाय ती. माशीनं झाकली म्हणून मध झाली न्हाय. तिचं तिला राहू दे." मला वाईट वाटलं होतं नाना, खरं सांगते. कर्जाचा हप्ता डोळ्यांसमोर होता. पण तुम्ही तेव्हा अडवलं नसतंत तर मी साखरेचा पाक मध म्हणून विकला असता, तोही माझ्यावर विश्वास टाकणाऱ्या माणसांना, आणि हिवाळ्यात पेट्या पुन्हा रिकाम्या केल्या असत्या. पेट्या वाचवल्यात त्याहून या एका वाक्याचं ऋण माझ्यावर जास्त आहे.

मार्चमध्ये जांभूळ फुलायच्या आधी तुम्ही सांगितल्याप्रमाणे वरच्या कोठ्या चढवल्या, त्याही कोऱ्या पोळ्यांच्या, साखरेचा एक थेंब नसलेल्या. जांभळापाठोपाठ हिरडा आला. माशांनी चारांतल्या तीन हिश्शांहून जास्त घरं झाकेपर्यंत मी हात लावला नाही. मांघरच्या ताईंनी मधयंत्र आणून दिलं. तीन पेट्यांतून मिळून साडेसात किलो निघाला, गडद, शेवटाला जरा तुरट. खालच्या कोठीला मी चाकू लावलेला नाही. पहिली वाटी आत्यांनी देवापुढे ठेवली. फेब्रुवारीत एक पेटी फोडली होती, म्हणजे एका मोहोळाची दोन केली होती, त्यातल्या नव्या पेटीत नवी राणी बसली, म्हणजे आता पुन्हा चार झाल्या.

गेल्या आठवड्यात पलीकडच्या वाडीतल्या एका सुनेनं मला बोलावलं. नव्या दोन पेट्या आणल्यात तिने. मी जाताना करवंट्या घेऊन गेले आणि आधी तिच्याकडून पेटी मागून उचलून घेतली. दोन्ही हलक्या होत्या. तिला पाकाचं प्रमाण लिहून दिलंय, पहिले दोन आठवडे मी स्वतः जाणार आहे.

तुमच्यासाठी जांभळाच्या मधाची एक बाटली बाजूला काढून ठेवली आहे. घाटातला रस्ता पावसाने बंद व्हायच्या आत, येत्या रविवारी सकाळच्या गाडीने मी आणि हे दोघंही येतोय. येताना नव्या राणीच्या पेटीतली एक चौकट बघायला आणू का? तिची अंडी मला जरा विरळ पडलेली वाटतात. फोनवर सांगता येईना, तुम्ही बघितलीत तर बरं होईल.

काकूंना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुमची,
जावळीतली लेक