जुन्या कॅमेऱ्यावरची नावं घासून टाकू नका

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या महिन्यात म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजाराला गेलो होतो, तिथे जुन्या सामानाच्या एका दुकानात पितळी समया आणि बंद पडलेल्या घड्याळांच्या मधे एक मिनोल्टा कॅमेरा दिसला, एसआर-टी १०१, चामड्याच्या केससकट. हे मॉडेल १९६६ साली आलं, सगळं काम मेकॅनिकल, शटर चालायला सेल लागतच नाही, सेल लागतो तो फक्त आतल्या लाइट मीटरला आणि तो जुना पाऱ्याचा सेल आता मिळत नाही. हातात घेऊन एक सेकंदापासून हजारांश सेकंदापर्यंत सगळे स्पीड वाजवून बघितले, सगळे चालू. लेन्सच्या कडेला बुरशीचा एक धागा होता, आपल्याकडच्या चार महिन्यांच्या पावसात तेवढी बुरशी धरतेच. पैसे काढणार एवढ्यात दुकानदाराने कॅमेरा उलटा करून खालची पत्री दाखवली आणि म्हणाला, “हें घांसून दितां तुमकां, नवें दिसतलें.”

मी नको म्हटलं आणि आहे तसाच घरी आणला. हे पत्र लिहितोय ते त्या घासण्याबद्दलच.

त्या पत्रीवर एक सोडून तीन खुणा आहेत आणि प्रत्येक वेगळ्या हाताची. एक आहे शंकरपाळ्यासारखा छोटा चौकोन आणि त्यात ई पी ही दोन इंग्रजी अक्षरं, ही कारखान्यातली वाटावी इतकी नेटकी. दुसरा एक नंबर, कुणीतरी टोकदार सुईने कोरलेला, तीन आकडे, रेघ, दोन आकडे, रेघ, चार आकडे. आणि तिसरी खूण बघून मी चकितच झालो, कारण ती मराठीत आहे: ‘द. शं. साखळी’ (साखळी म्हणजे आपल्या गोव्यातलं गाव), आणि ही अक्षरं टिंबाटिंबांची आहेत, आपल्या भांड्यांवर असतात अगदी तशी! लग्नात आहेर म्हणून आलेल्या तांब्यावर, परातीवर भांड्यांच्या दुकानात टकटक करत नाव घालून मिळायचं ना, तेच मशीन, तीच टिंबं. म्हणजे कुणीतरी हा जपानी कॅमेरा घेऊन भांडीवाल्याकडे गेला आणि म्हणाला, यावर माझं नाव घाल. माझ्या आईच्या सगळ्या डब्यांवर असं नाव आहे, त्यामुळे ते बघून मला एकदम हा माणूस आपल्या ओळखीतलाच वाटायला लागला.

चौकोनातल्या ई पी चा अर्थ जुने कॅमेरे जमवणाऱ्या मित्राने लगेच सांगितला. जपानमध्ये अमेरिकन लष्करी लोकांसाठी जी दुकानं होती तिथून करमुक्त विकलेल्या कॅमेऱ्यांवर ही खूण कोरलेली असायची, तो माल तिथल्या साध्या बाजारात परत विकायला येऊ नये म्हणून. जपानी कॅमेऱ्यांवर तपासणी संस्थेचा एक सोनेरी लंबगोल स्टिकरही असायचा, पास्ड असं लिहिलेला, माझ्या कॅमेऱ्यावर त्याचा अर्धाच तुकडा उरलाय. बरेच लोक तो मळ समजून नखाने काढून टाकतात.

नंबराचं कोडं मात्र आठ दिवस सुटलं नाही. आधी वाटलं फोन नंबर असेल, मग वाटलं जहाजावरच्या कुणा तारवट्याचा नंबर असेल, आपल्याकडे घरटी एक माणूस तारवार, म्हणजे बोटीवर नोकरीला, असायचा आणि कॅमेरे, रेडिओ त्यांच्याच बरोबर यायचे. शेवटी अमेरिकेतल्या भाच्याला व्हिडिओ कॉलवर कॅमेरा दाखवला तर तो आधी ओरडलाच, “मामा, ह्या नंबरचा फोटो कोणाला पाठवू नका!” तो तिथला सोशल सिक्युरिटी नंबर आहे, आपल्या आधारसारखा सरकारी, नऊ आकडे, तीन-दोन-चार अशाच पद्धतीने लिहितात, माणसाला एकदा मिळाला की जन्मभर तोच. आता तो कोणी चोरला तर त्याच्या नावावर कर्जसुद्धा काढतील, पण त्या काळात तिकडचे पोलिसच लोकांना सांगायचे की टीव्ही, कॅमेरा, टाइपरायटर यांच्यावर आपला नंबर कोरून ठेवा, चोरीला गेलं तर परत देता येईल. आणि १९६९ पासून अमेरिकेच्या भूदलात आणि हवाईदलात सैनिकाची ओळखसुद्धा याच नंबराने व्हायला लागली, त्याआधी त्यांचे सर्व्हिस नंबर वेगळे असायचे. पहिल्या तीन आकड्यांवरून नंबर कुठल्या राज्यात काढलाय तेही कळायचं, २०११ पासून ते बंद झालं. तो माणूस आज हयातसुद्धा असेल, म्हणून नंबर मी या पत्रात देत नाही आणि कोणी विचारला तरी देणार नाही.

आता दोन खुणा एकत्र ठेवल्या की माझा अंदाज असा, की पूर्वेकडे कुठेतरी नोकरीवर असलेल्या अमेरिकन सैनिकाने हा कॅमेरा लष्करी दुकानातून घेतला आणि पुढे तो, किंवा त्याच्याकडून घेतलेला दुसरा कोणी, आपल्या किनाऱ्यावर आला. हणजुणेचा (अंजुनाचा) बुधवारचा बाजार सुरू झाला तोच मुळी परदेशी हिप्पी लोकांमुळे, पैसे संपले की जीन्स, टेप, कॅमेरा जे असेल ते विकून ते परतीचं तिकीट काढायचे. तिथून साखळीपर्यंत कॅमेरा कसा गेला ते द. शं. यांनाच ठाऊक.

हे द. शं. कोण? फोटोग्राफर होते अशी माझी खात्री आहे आणि ती नुसती नावावरून नाही. केसमधून कॅमेरा काढला तेव्हा वरच्या प्रिझमच्या फटीत, स्पीडच्या चाकाच्या खाचांत लालसर काहीतरी होतं, मला वाटलं गंज. कापसाने पुसायला घेतलं तर बायको म्हणाली थांबा, ही पिंजर (कुंकू) आहे. आणि खरंच पिंजर, बाजूला हळदीचा पिवळा डागही. दसऱ्याला पूजा केलेली आहे या कॅमेऱ्याची, एकदा नाही, दर वर्षी, एवढी ती खाचांत बसलीय. हौसेचा कॅमेरा कोण पूजेला ठेवेल, पोटापाण्याचं हत्यारच माणूस ठेवतो. मग घड्याळं दुरुस्त करणाऱ्या एका म्हाताऱ्या कारागिराकडे गेलो, त्याने खालची पत्री सोडवली तर आतल्या बाजूला सुईने बारीक तारखा कोरलेल्या, तीन. तो म्हणाला, कारागीर काम केल्यावर अशी खूण ठेवतो, घड्याळाच्या झाकणात आम्हीही ठेवतो. तीनही तारखा ऑक्टोबरच्या! पाऊस संपला की बुरशी साफ करून घ्यायची, दसऱ्याची पूजा, आणि तुळशीचं लग्न झालं की लग्नांचा सीझन सुरू. अख्खं वर्ष आलं की हो त्या तीन तारखांत.

दुकानदाराने ते घासून दिलं असतं तर यातलं मला काय कळलं असतं? चकचकीत पत्री मिळाली असती. नाव कोरलेला कॅमेरा कमी किमतीला जातो हे खरंय, त्याला दोष देत नाही, पोट सगळ्यांना आहे. पण माझ्याच घरात हे होऊन गेलंय. आमच्या बाबांकडे अगफाचा क्लिक थ्री होता, एका रोलवर बारा फोटो निघायचे. त्याच्या केसच्या आत बाबांनी शाईने नाव, गाव आणि घेतल्याची तारीख लिहिली होती. ते गेल्यावर मी तो दुरुस्तीला दिला, त्या माणसाने चांगल्या मनानेच जुनी केस फेकून नवी घालून दिली. बाबांच्या हस्ताक्षरातलं ते नाव गेलं. कॅमेरा अजून कपाटात आहे, पण मी तो फारसा बाहेर काढत नाही.

म्हणून जुन्या वस्तू विकणाऱ्या सगळ्यांना हात जोडून सांगणं आहे, घासायचंच असेल तर निदान त्याआधी मोबाईलवर खुणेचा फोटो काढून ठेवा, आणि गिऱ्हाइकाला विचारा, त्याला ते नाव हवं असेल. कारागिरांनीही आत कोरलेलं पॉलिश करू नये. आणि घेणाऱ्यांनी कॅमेरा पहिल्या दिवशीच ओल्या फडक्याने पुसू नये.

दुसरी विनंती साखळी, डिचोली, सत्तरीकडच्या वाचकांना. तुमच्या घरात सत्तर-ऐंशीच्या दशकातले लग्नाचे, मुंजीचे अल्बम असतील, देवळाच्या उत्सवातल्या नाटकांचे फोटो असतील, स्त्री पार्ट केलेल्या आजोबांचा एखादा तरी असेलच. ते फोटो उलटे करून बघा. त्या काळी फोटोग्राफर मागे रबरी शिक्का मारायचे. शिक्क्यात द. शं. अशी अक्षरं दिसली किंवा कोणाला या नावाचे फोटोग्राफर आठवत असतील तर कृपया याच सदरात कळवावं. त्यांच्या घरचं कोणी असेल तर कॅमेरा मी त्यांना देईन, पैसे नकोत, फक्त त्यांनी काढलेले फोटो एकदा बघू द्यावेत. तोपर्यंत तो सिलिका जेलच्या पुड्या घालून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवलाय आणि पिंजर पुसलेली नाही.

आपला,
एक वाचक, म्हापसा